चौथ्या संधीला लाथ

अमेरिकन फुटबॉल मी बहारीनमध्ये शिकले, तोही एका माणसाला दिसत नव्हतं म्हणून. हे कुणाला सांगितलं की आधी हसू येतं लोकांना. मला मात्र ते दिवस आठवले की अजून हसू येत नाही.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. आमचे हे मीना सलमान बंदरात जहाजदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, नुकतेच चार्जहँड, म्हणजे फिटरांच्या टोळीचे मुकादम, झाले होते. मी लग्नानंतर दोन वर्षांनी फॅमिली व्हिसावर आले. चिपळूणजवळच्या खेड्यातली मी. रत्नागिरीला मावशीकडे राहून टायपिंगच्या आणि शॉर्टहँडच्या परीक्षा दिल्या होत्या. मुळातच भित्री. घराबाहेर पडताना गॅसचा कॉक तीनदा बघायचा, कुलूप दोनदा ओढून बघायचं. त्यात आखातात जहाजांवर हल्ले सुरू झालेले. मार लागलेली जहाजं दुरुस्तीला यायची, कधी कधी बंदराबाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजावर यांनाच लाँचने पाठवायचे. परत येईपर्यंत माझा घास गिळला जात नसे.

यांच्या वर्कशॉपचे सुपरिंटेंडंट एक अमेरिकन साहेब होते. साठीचे, धिप्पाड, आवाज असा की चालू लेथवरूनही ऐकू यावा. त्यांना साखरेचा आजार होता आणि ते तो मानत नसत. एका उन्हाळ्यात त्यांच्या डोळ्यांपुढे काळी कोळिष्टकं यायला लागली, आणि दोन महिन्यांत दोन्ही डोळ्यांत रक्त उतरून सगळंच धूसर झालं. माणूस समोर उभा आहे एवढं कळे, कोण ते कळत नसे. सलमानियाच्या हॉस्पिटलात ऑपरेशन करायचं ठरलं, पण ते करणारे सर्जन परदेशातून यायचे होते. तोवर साहेबांनी ओझं उचलायचं नाही, वाकायचं नाही आणि मुख्य म्हणजे चिडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रक्तदाब चढला तर पुन्हा रक्त उतरेल.

साहेबांना पत्रं लिहून घ्यायला कुणीतरी हवं होतं. यांनी माझं नाव सांगितलं आणि घरी येऊन मला कळवलं. मी म्हटलं, अहो, माझं बोलायचं इंग्रजी कसलं! तर म्हणाले, "ते बोलतील, तू लिहायचं. तुला कुठे बोलायचंय?" कंपनीने परवानगीचा कागद करून दिला. तरी मला धाकधूक होतीच, कारण यांचं काँट्रॅक्ट पुढे चालू ठेवायचं की नाही, ते याच साहेबांच्या शब्दावर होतं. माझ्या हातून काही चुकलं तर आम्हा दोघांनाही चंबूगबाळं आवरावं लागलं असतं.

साहेबांचं घर जुफैरला होतं. मॅडम शाळेत शिकवायच्या, सात वाजता निघायच्या. त्याच सुमाराला हे मला कंपनीच्या पिकअपमधून सोडायचे आणि साडेबाराला न्यायला यायचे. पहिल्या दिवशी दोन पत्रं झाली. मग साहेबांनी विचारलं, "तुमचे डोळे कसे आहेत?" मी म्हटलं चांगले आहेत. त्यांनी मला एका कपाटातून व्हिडिओ कॅसेट काढायला सांगितली.

साहेबांचा मुलगा अमेरिकेत फुटबॉलच्या एका व्यावसायिक संघात साहाय्यक प्रशिक्षक होता. चेंडू आपल्या संघाकडे असला की पुढची चाल कोणती करायची, हे ठरवणं त्याचं काम. मैदानाच्या कडेला कागद घेऊन उभं राहायचं आणि दर अर्ध्या-पाऊण मिनिटाला एक निर्णय द्यायचा. त्याच्यावर मुख्य प्रशिक्षक होता, आणि हरलं की बोल दोघांना लागत. संघासाठी वरून काढलेली मॅचची फिल्म तो भिंतीवर लावायचा आणि व्हिडिओ कॅमेऱ्याने पुन्हा उतरवून बापाला पाठवायचा. चित्र काळंपांढरं, थरथरणारं, आणि त्याला आवाज नाही. टीव्हीवरच्यासारखं कुणी बोलणारं नाही, स्कोअर सांगणारं नाही. टीव्ही अमेरिकेतून आणलेला, म्हणून खाली जमिनीवर ट्रान्सफॉर्मर होता. तो सतत गुणगुणायचा. खोलीत तेवढाच आवाज. बाकी सगळं मी सांगायचं.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, पुष्कळ माणसं वाकून उभी आहेत. आता एकमेकांच्या अंगावर पडली. आता उठली. साहेबांनी विचारलं, चेंडू कुठे आहे? मला चेंडू दिसलाच नव्हता.

ते रागावले नाहीत. टेबलावर खजुराची बशी होती. त्यांनी मला खजुराच्या अकरा बिया आणि पिस्त्याची अकरा टरफलं गोळा करायला सांगितली, आणि हातांनी चाचपत ती समोरासमोर मांडली. चेंडू ज्यांच्याकडे त्यांना चार संधी. चार संधींत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकले तर पुन्हा नव्या चार. मैदानावर दोन्ही टोकांपासून मधल्या पन्नासपर्यंत यार्ड मोजायचे. चेंडू हातात घेऊन घुसायचं किंवा लांब फेकून पुढच्याने झेलायचा. घुसलं तर थोडं मिळतं पण बहुधा मिळतं. फेकला तर खूप मिळतं, नाहीतर काहीच नाही, आणि कधी दुसऱ्यानेच झेलला तर चेंडूच गेला. तीन संधी होऊनही दहा यार्ड झाले नाहीत, की खरी परीक्षा चौथीला. घुसून बघायचं, की लाथ मारून चेंडू लांब त्यांच्या टोकाला घालवायचा? लाथ मारली तर चेंडू गेला, पण त्यांना लांबून सुरुवात करावी लागते. घुसलात आणि फसलात, तर तिथल्या तिथे चेंडू त्यांचा.

मी म्हटलं, आमच्या हुतुतूत असंच असतं. एक चढाई करणारा निदान रेषा ओलांडून, कुणाला न शिवता सुखरूप परत येतो. दुसरा आत कोपऱ्यापर्यंत घुसतो. एकतर दोन गडी मारून येतो, नाहीतर स्वतः मरतो. साहेबांना हे फार आवडलं. त्यांनी विचारलं, तुम्ही यातल्या कुठल्या? मी म्हटलं, मी खेळलेच नाही, भाऊ खेळायचा. ते म्हणाले, तरी सांगा. मी म्हटलं, निदान रेषेच्या.

"माझा मुलगा तसाच," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पडला.

साहेबांचं मत पक्कं होतं. चेंडू हातात आहे तोवर तो आपल्या पायाने दुसऱ्याला का द्यायचा? प्रत्येक चालीआधी ते मला टेप थांबवायला लावायचे, कितवी संधी, किती यार्ड, चेंडू कुठे ते विचारायचे, आणि आपण काय केलं असतं ते सांगायचे. मग मी टेप सुरू करायची. मुलाने बहुतेक वेळा वेगळंच केलेलं असायचं. साहेब म्हणायचे फेक, आणि तो घुसायचा. साहेब म्हणायचे घुस, आणि तो लाथ मारायचा. हळूहळू मला सगळं दिसायला लागलं: चेंडू, हात, कोण कुठे धावतोय. आधी यार्डाचा आकडा सांगायचा, मग बाकीचं, अशी मी जिभेला सवयच लावून घेतली. मनातल्या मनात मला मुलाचंच पटायचं. पुढे असताना कशाला जिवावर उदार व्हायचं? पण हे मी कधी बोलले नाही.

टेप संपली की पत्र. एकदा फोनवर बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं होतं, तेव्हापासून मुलगा फोनवर येत नसे, पत्रांना मात्र उत्तर द्यायचा. साहेब खुर्चीत मागे टेकून सांगायचे, मी शॉर्टहँडमध्ये घ्यायची आणि मग टाइप करायची. पत्रं कसली, चाबूकच ते. तू जिंकायला उभाच राहत नाहीस, हरायच्या भीतीने खेळतोस. दुसऱ्याच्या पायांमागे लपतोस. अशा माणसाच्या हातात मी माझा स्पॅनरसुद्धा दिला नसता. टाइप झालं की मी त्यांचं बोट धरून जागा दाखवायची आणि ते सही करायचे.

एकदा त्यांनी सांगितलं, लिहा, तुझ्यात तुझ्या आईचा भित्रेपणा उतरलाय. ते वाक्य मला टाइप करवेना. मॅडम रोज शाळेत जाण्याआधी माझ्यासाठी चहा झाकून ठेवायच्या. मी ती ओळ गाळली. पत्र गेलं आणि काही झालं नाही. पुढच्या पत्रात दोन ओळी गाळल्या. त्यानंतर सवयच लागली. वाईटातलं वाईट वगळायचं, कुठे शब्द बदलायचा. मुलाची उत्तरंही मऊ यायला लागली. साहेब ती दोन-दोनदा वाचून घ्यायचे. मी स्वतःला सांगायची की मी चांगलंच करतेय, आणि तरी रोज जुफैरच्या वळणावर पिकअप आला की वाटायचं, आज उघडकीला येणार.

यांना मी यातलं काही सांगितलं नव्हतं.

जानेवारीत शेवटच्या मॅचची टेप आली. शमाल वारा सुटला होता, खिडक्या बंद करूनही कठड्यावर धुळीचा थर यायचा. ही मॅच जिंकली तर संघ पुढच्या फेरीत जाणार होता. निकाल साहेबांना माहीत नव्हता. त्यांनीच सगळ्यांना ताकीद दिली होती की टेप पाहण्याआधी कुणी सांगायचं नाही. त्या सकाळी मॅडम अजून शाळेत गेल्या नव्हत्या. मला त्यांनी स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटलं.

सुनेचं पत्र आलं होतं. मॅच संपत आली तेव्हा आपला संघ चार गुणांनी पुढे होता. चेंडू आपल्याकडे, चौथी संधी, अर्धा यार्ड कमी. तेवढा अर्धा यार्ड मिळवला असता तर मॅच जवळपास खिशात होती. त्यांनी लाथ मारली. समोरच्यांनी त्यांच्या टोकापासून सगळं मैदान पार केलं आणि शेवटच्या क्षणी मॅच नेली. वर्तमानपत्रांनी झोड उठवली होती. मुलाची नोकरी जाणार असं सून लिहीत होती.

मॅडम म्हणाल्या, "ऑपरेशनची तारीख आलीय. पंधरा दिवस राहिलेत. तेवढे दिवस त्यांना शांत ठेवायचंय. हरले हे कळू दे, पण लाथ मारली हे नको. तो घुसला आणि अडवला गेला, एवढंच सांग."

 त्यांनी माझा हात धरला होता. नाही म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं. ओळी गाळणारी मी कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? त्या पर्स उचलून शाळेत गेल्या. मी बाहेर येऊन टेप लावली.

पहिला तास कसा गेला ते मला आठवत नाही. आकडे सांगत होते, जीभ आपोआप चालत होती. साहेब खुशीत होते. त्या दिवशी मुलाने तीनदा लांब चेंडू फेकला होता, आणि दरवेळी साहेब खुर्चीच्या हातावर थाप मारायचे. मला सारखं वाटत होतं की वीज जावी, टेप अडकावी, हे लवकर न्यायला यावेत. काही झालं नाही. ती चाल आली.

"चौथी संधी," मी म्हणाले. "अर्धा यार्ड. चेंडू त्यांच्या पंचेचाळीसवर."

"जायचं," साहेब म्हणाले. "डोळे मिटून जायचं. लावा."

मी टेप लावली. पडद्यावर मागे उभ्या असलेल्या माणसाने चेंडू झेलला आणि लाथ मारली. चेंडू चित्राच्या बाहेर गेला.

"गेले," मी म्हणाले. "मोठ्या पळणाऱ्याला दिला. मधून घुसला. अडवलं त्याला. नाही झालं."

साहेबांनी मोठा श्वास सोडला आणि डोकं मागे टेकलं.  मग हळूच म्हणाले, "पण गेला. गेला ना पोरगा."

त्यांच्या तोंडावर जे समाधान होतं ते मला बघवेना, म्हणून मी पडद्याकडे बघत राहिले. टेप चालूच होती. पुढची चाल लागली, आणि सवयीने माझ्या तोंडून आकडा गेला.

"बारा."

"काय बारा?"

मी टेप थांबवली.

"चेंडू बारावर?" साहेबांनी विचारलं. "पंचेचाळीसवर अडवलं म्हणालात. मग चेंडू त्यांच्याकडे पंचेचाळीसवर हवा. बारावर कसा जाईल?"

ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता.  साहेबांचा आवाज चढला असता तर बरं, असं वाटलं. पण तो उलट खाली आला.

"मागे घ्या," ते म्हणाले. "आणि जे आहे ते सांगा."

मी टेप मागे घेतली. या वेळी थोडी जास्तच मागे गेली. आधीची चाल संपून माणसं उठत होती तिथपासून दिसायला लागलं, आणि मघाशी घाबरल्यामुळे माझ्या नजरेतून सुटलेलं काहीतरी मला दिसलं. घुसणारी माणसं मैदान सोडून गेलीच नव्हती. ती थांबली होती, चालीसाठी जमत होती. चित्राच्या खालच्या कडेला, मैदानाबाहेर, टोपी घातलेला एक माणूस हात पुढे करून खूण करत होता. मग तो हात खाली आला. घुसणारे धावत बाहेर गेले आणि लाथ मारणारे आत आले.

मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. लाथ मारली हेही सांगितलं.

साहेब म्हणाले, "आणि आधी तो जाणार होता, असं तुमचं म्हणणं."

"हो. दिसतंय तसं."

"हेही मला बरं वाटावं म्हणून?"

मी शपथ घेतली. त्यांनी मान हलवली. ते म्हणाले की मघाशीही तुम्ही एवढ्याच खात्रीने बोलत होता. त्यात खोट काढायला जागा नव्हती. मग त्यांनी विचारलं, हे कुणी सांगायला लावलं? मी मॅडमचं नाव घेतलं नाही. ते म्हणाले, राहू दे, या घरात माझी एवढी काळजी करणारं माणूस एकच आहे. आणि मग त्यांनी विचारलं, "आणखी काय?"

तेव्हा मला राहवेना. पत्रांतल्या ओळी गाळल्याचं मी सांगून टाकलं. कुठल्या, किती, आठवतील तेवढ्या. सांगताना मला रडू येत होतं आणि ते इंग्रजीत आवरत नव्हतं.

साहेब ऐकत होते. रागावतील म्हणून मी त्यांच्या कपाळावरच्या शिरेकडे बघत होते. ते रागावले नाहीत. ते म्हणाले, "त्याची उत्तरं अलीकडे फार शांत येत होती. मला वाटलं, पोरगा मोठा झाला. आता माझ्या बोलण्याने चिडत नाही." मग म्हणाले, "ते तुम्ही होतात तर."

हे यायला अजून अर्धा तास होता. त्यांनी चिडायचं नाही, एवढंच माझ्या मनात घोळत होतं. मधूनच ते डोळे चोळायला हात वर न्यायचे आणि माझा जीव खालीवर व्हायचा.

साडेबाराला हे आले. दाराशीच बूट काढले. अंगात बॉयलर सूट, ग्रीसचे डाग. माझा चेहरा बघून चपापले. साहेबांनी त्यांना आत बोलावलं आणि सांगितलं की टीव्हीवर जे दिसतंय ते बघून सांग. हे म्हणाले, सर, मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही. साहेब म्हणाले, म्हणूनच.

सोफ्याला डाग लागतील म्हणून हे उभेच राहिले. मी टेप मागे घेतली. तीनदा लावायला लावली त्यांनी. बेअरिंग तपासताना लावतात तसे डोळे बारीक केले. मग सावकाश म्हणाले, "सर, आधी ही माणसं उभी आहेत, जायची नाहीत. बाहेर टोपीवाला आहे. तो डाव्या हाताने पुढे जा म्हणतोय. उजव्या हातात कागद आहे. मग त्याने आपणच हात खाली केला. मग ही गेली, दुसरी आली."

"डाव्या हाताने?"

"डाव्या, सर."

"आणि त्याच्याशी कुणी बोलत होतं? त्याला कुणी धरलं, ओढलं?"

यांनी पुन्हा टेप लावायला सांगितली. "जवळपास कुणी दिसत नाही, सर. पण चित्र तिथेच कापलंय. कडेच्या बाहेर कुणी असेल तर सांगता येत नाही."

साहेब म्हणाले, माझा मुलगा डावखुरा आहे. यांचं त्यांनी लगेच खरं मानलं. मला बरं वाटलं आणि लागलंही.

पिकअपमध्ये बसल्यावर मी यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. आपलं काँट्रॅक्ट गेलं असं समजा, म्हटलं. यांनी गाडी सुरू केली. मग विचारलं, "उद्या येऊ नका म्हणाले का?"

"नाही."

"मग उद्या जायचं."

मी गेले. साहेबांनी पत्र सांगितलं. ते सगळं मिळून चार ओळींचं होतं: टेप पाहिली. तुझा हात आधी पुढे होता आणि मग खाली आला. कुणी खाली आणला? बस, एवढंच. टाइप झाल्यावर मी बोट धरून जागा दाखवायला गेले, तर म्हणाले, थांबा, संध्याकाळी मॅडम वाचून दाखवतील, मग सही करेन. मी मान खाली घालून हो म्हटलं. ते योग्यच होतं. पुढे जितके दिवस मी गेले तितके दिवस प्रत्येक पत्र आधी मॅडमकडे जायचं. मॅडम माझ्याशी त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. चहा मात्र झाकलेला असायचा.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. उत्तर आलं ते त्यानंतर पाच दिवसांनी. साहेब सलमानियाच्या वॉर्डात होते, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. मॅडमनी जाड पाकीट माझ्या हातात दिलं. माझा आवाज धड राहणार नाही, तू वाच, म्हणाल्या. मी विचारलं, सगळं? त्या म्हणाल्या, सगळं.

मुलाने लिहिलं होतं की हात कुणी खाली आणला नाही, मीच आणला. मुख्य प्रशिक्षकाने त्या क्षणी सगळं माझ्यावर सोडलं होतं. मी आधी जाच म्हटलं, कारण कानात तुमचा आवाज होता. मग मला आठवलं की तुमचा तो आवाज ऐकत ऐकत आम्ही किती गावं बदलली. तुम्ही हातातली नोकरी सोडून दुसऱ्या बंदरावर जायचात, कधी जमायचं, कधी फसायचं, आणि आई आणि मी मागून सामान बांधायचो. आठवीपर्यंत मी सहा शाळा पाहिल्या. मला एकदा तरी जे हातात आहे ते राखायचं होतं. म्हणून हात खाली घेतला. चूक झाली असेल. पुन्हा तीच वेळ आली तर काय करेन, मला ठाऊक नाही. नोकरी गेली आहे. इकडे एका शाळेत शिकवायला बोलावलंय, जाईन बहुतेक.

मी एक शब्द गाळला नाही. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या बहारीनी माणसाचा मुलगा आमच्याकडे बघत होता. मॅडम खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या.

साहेब म्हणाले, "शाळांचं परत वाचा."

मी वाचलं.

"सहा नाही, सात," मॅडम खिडकीजवळून म्हणाल्या.

साहेबांच्या पट्ट्या ओल्या होतील म्हणून मी घाबरून नर्सला बोलवायला निघाले. त्यांनी चादरीवर हात आपटून मला थांबवलं. वही आहे का, विचारलं. होती. त्यांनी सांगितलं, लिहा: मी गेलो असतो. आणि अर्धा यार्ड मिळाला असता की नाही, ते मला माहीत नाही. मी आजवर त्याचा विचारच केला नव्हता. तुझ्या आईला शाळांचा आकडा माझ्यापेक्षा बरोबर माहीत आहे. शाळेतली नोकरी घे.

मग म्हणाले, शेवटचं वाक्य काढा, तो काय घ्यायचं ते घेईल. ते पत्र मी वॉर्डातच हाताने लिहिलं आणि मॅडमनी तिथेच वाचून दाखवलं.

साहेबांच्या एका डोळ्याला पुढे थोडं दिसायला लागलं. माणसं ओळखू यायची, अक्षरं नाही. दुसरा गेला तो गेलाच. ते वर्कशॉपवर परतले नाहीत. जाण्याआधी त्यांनी यांच्या काँट्रॅक्टच्या कागदावर सही केली. ही बातमी मला यांच्याकडून कळली, साहेब माझ्याशी त्याबद्दल कधी बोलले नाहीत. मे महिन्यात ते दोघं अमेरिकेला गेले. मुहर्रकच्या विमानतळावर आम्ही पोचवायला गेलो होतो. साहेबांनी यांच्याशी हस्तांदोलन केलं, मला मात्र नमस्कार केला, हात जोडून, थोडा चुकीच्या दिशेला.

मॅडमचं पत्र दीड वर्षाने आलं, आमच्या जुन्या पत्त्यावरून फिरत फिरत. ती दोघं मुलाच्याच गावात राहायला गेली होती. मुलगा शाळेच्या पोरांना खेळ शिकवतो आणि शनिवारी व्यावसायिक मॅचच्या जुन्या टेपा घेऊन बापाकडे येतो. आता तोच शेजारी बसून सगळं सांगतो. साहेबांची तक्रार अशी, की तो फार सावकाश सांगतो, आणि चेंडू कुठे आहे ते आधी सांगतच नाही.